कुर्ल्यापर्यंतची गोष्ट



या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा विषय सुचवायला मला एक मिनिटही लागलं नाही. विज्ञानकथा, अंतराळाचे सिनेमे आणि येणारा काळ हे माझं जन्माचं वेड, आणि ते मला आमच्या शाळेतल्या सरांनी लावलं. वर्गात सर भूगोल शिकवत. हे वेड त्यांनी लावलं ते व्हीटी ते मुलुंड या स्लो लोकलमध्ये.

गोष्ट १९७९-८० च्या सुमाराची. मुलुंडहून फोर्टात जाण्याला तेव्हा आमच्याकडे ‘मुंबईला जाणं’ म्हणत. आपण राहतो तीही मुंबईच, हे रेशनकार्डावर खरं होतं, बोलण्यात नव्हतं. इंग्रजी सिनेमे लागत ते तिकडे, स्टर्लिंगला, रीगलला, इरॉसला. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी सर आम्हा पाच-सहा मुलांना घेऊन निघत. तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने आणायचे. ज्याला जमत नसे त्याचे सर भरत आणि तो कोण, हे बाकीच्यांना कधी कळू देत नसत. पडद्यावरचं बोलणं आम्हाला ओ की ठो कळत नसे. मराठी शाळेतली मुलं आम्ही, पाचवीला एबीसीडी गिरवलेली. यानं उडायची, दिवे लुकलुकायचे, गोरी माणसं गंभीर चेहऱ्याने काहीतरी ठरवायची. आम्ही डोळे फाडून पाहायचो आणि वाट बघायचो ती परतीच्या गाडीची.

कारण खरा सिनेमा गाडीत सुरू व्हायचा. मशीद स्टेशन गेलं की सर घसा साफ करत आणि पहिल्या दृश्यापासून सगळं मराठीत सांगायला लागत. रविवारची गाडी, त्यामुळे बसायला मिळायचं. समोरच्या बाकावरचे टोपल्या घेतलेले भाजीवाले, पाळी संपवून निघालेले कामगार, तेही पुढे सरकून ऐकत. भायखळ्याला यान उडायचं, दादरला संकट यायचं. कुर्ला आलं की सर थांबत. म्हणत, ‘‘इथपर्यंत त्यांची गोष्ट. इथून पुढची तुमची. सांगा.’’ मग विद्याविहार, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप अशी गाडी सरकत असताना आम्ही एकमेकांना तोडत, भांडत शेवट रचायचो.

‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट तेव्हा पुन्हा लागला होता. कुब्रिकचा, १९६८ चा. माणूस चंद्रावर उतरायच्या आदल्या वर्षीचा. त्यात अंतराळवीर यानाबाहेर पडतो तेव्हा कुठलाही आवाज नाही, फक्त त्याच्या शिरस्त्राणातला श्वास. अंतराळात हवा नाही, म्हणून ध्वनी नाही. इतर सिनेमांत निर्वात पोकळीत खुशाल स्फोटांचे धडाके होतात. कुब्रिकने ती सोय नाकारली. ही जागा सांगताना सर दादरला बोलायचे थांबले. ‘‘आता इथे आवाज नाही,’’ एवढंच म्हणाले आणि माटुंगा, शीव ही दोन स्टेशनं गप्प बसून राहिले. आम्हीही गप्प. चाकांचा खडखडाट आणि आमचे श्वास. पुढे मी तो चित्रपट किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही, पण ती शांतता मला भेटली ती माटुंग्याला.

त्या चित्रपटात हॅल नावाचा संगणक आहे. तो माणसांना मारतो आणि शेवटी त्याला बंद करतात. कुर्ल्यानंतर आमच्यातला एक मुलगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नसे, म्हणाला, ‘‘सर, हॅलला माफ करायला पाहिजे होतं. मोहीम कशासाठी आहे ते सांगायचं नाही, असं त्याला माणसांनीच बजावलं होतं. खोटं बोलायला त्यांनीच लावलं.’’ सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. आज माझी नात मोबाइलवरच्या यंत्राशी तासन्‌तास बोलते, आपल्या शंका त्याला विचारते, तेव्हा मला त्या मुलाचं वाक्य आठवतं. या यंत्राला कोणी काय बजावून ठेवलं आहे, हा प्रश्न मुलुंडच्या एका बारा वर्षांच्या पोराला तेव्हा पडला होता.

त्याच सुमारास अंतराळ एकदा आमच्या चाळीत आलं होतं, भीतीच्या रूपाने. अमेरिकेची स्कायलॅब पडणार होती. जुलै १९७९. आजच्या पिढीला कल्पना यायची नाही, पण काय घबराट होती! कोण म्हणे ठाण्यावर पडणार, कोण म्हणे गावाला जा. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले आणि सगळे पुन्हा कामाला लागले. सरांनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर पृथ्वी काढली, त्यातला पाण्याचा भाग निळ्या खडूने भरला आणि विचारलं, ‘‘आता सांगा, पडायची शक्यता कुठे जास्त?’’ भीतीचं गणित करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथालेखक नारळीकरांविषयी. २० मे २०२५ रोजी ते गेले आणि माझ्यासारख्या वाचकाला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकिगत पुष्कळांना ठाऊक आहे, तरी मला ती या व्यासपीठावरून सांगायची आहे. मराठी विज्ञान परिषद ही १९६६ ची संस्था. तिचं कार्यालय चुनाभट्टीला, म्हणजे हार्बर लाइनवर कुर्ल्याच्या शेजारचंच स्टेशन. या परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती. नावाच्या दबावाखाली परीक्षकांनी बक्षीस देऊ नये म्हणून टोपणनाव, आणि अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात. केंब्रिजला फ्रेड हॉइलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडून आलेला माणूस, आणि तो नवोदितांच्या रांगेत, नवोदितांच्या नियमांनी उभा राहतो. मला त्यांच्या सगळ्या कामात ही गोष्ट फार मोठी वाटते. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून या कथांची दखल घेतली आणि विज्ञानकथा हा पोरासोरांचा खाऊ आहे ही समजूत निदान थोडी सैल झाली.

२०१४ च्या नोव्हेंबरात ‘इंटरस्टेलर’ पाहून बाहेर पडलो तेव्हा सोबतची तरुण मंडळी भारावून गेली होती. कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं! बाप परत येतो तेव्हा मुलगी म्हातारी झालेली! मीही रडलो, लपवत नाही. पण मला त्यांना सांगावंसं वाटलं की ‘कृष्णविवर’ हा शब्द आणि तिथे काळाचं काय होतं याची ओढ मराठी घरांत चाळीस वर्षांपूर्वी पोचली होती, मासिकाच्या पानांतून, आणि तिला एक पैसाही भांडवल लागलं नव्हतं. नारळीकरांनी, बाळ फोंडक्यांनी, लक्ष्मण लोंढ्यांनी, निरंजन घाट्यांनी, सुबोध जावडेकरांनी जे केलं ते हेच: सरांनी गाडीत केलं ते, पण हजारोंसाठी. ‘हिमप्रलय’ या कथेत नारळीकर थेट मुंबईतच बर्फ पाडतात. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा खिडकीशी जाऊन रस्त्याकडे पाहिलं होतं. गोष्ट आपल्या गल्लीत घडली की पोटात जे होतं, ते न्यूयॉर्कवर कितीही बर्फ पाडला तरी होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून चालताना मला तीच कथा आठवत होती.

जाता जाता एक गोष्ट भाषेची. आपण स्पेसला अवकाश म्हणतो. आणि गाडीला उशीर असला की ‘अजून अवकाश आहे’ असंही म्हणतो. जागा आणि वेळ यांना एकच शब्द. आइन्स्टाइनने दोन्ही एकत्र विणले, ते आपल्या बोलण्यात आजी-पणज्यांपासून एकत्रच नांदत होते. सरांना हा शब्द फार आवडायचा.

आता मला एका दृश्याकडे यायचं आहे, ज्याने मला आयुष्यभर अस्वस्थ केलं. स्पीलबर्गचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’, १९७७. त्यात एक भारतातलं दृश्य आहे. उघड्या माळावर शेकडो माणसं बसली आहेत आणि आभाळातून ऐकलेले सूर गात आहेत. परदेशी शास्त्रज्ञ येतात, म्हणजे फ्रान्सचा थोर दिग्दर्शक त्रुफो त्या भूमिकेत आहे, आणि विचारतात की हे सूर कुठून आले? त्यासरशी शेकडो हात एकदम वर जातात. सगळी बोटं आभाळाकडे. अंगावर काटा येतो. पडद्यावर ठिकाण लिहिलं आहे उत्तर भारतातलं धरमशाला. प्रत्यक्षात ते चित्रित झालं १९७७ च्या फेब्रुवारीत, खालापूरजवळच्या हाळ गावी. आपल्या रायगडात, खोपोलीच्या अलीकडे. सरांच्या गाडीतला संगणक हॅल आणि हे गाव हाळ. नावं जुळली हा योगायोग, पण माझ्या मनात ती दोन्ही एका खणात आहेत.

पुण्याला जुन्या रस्त्याने जाताना मी दर वेळी तिकडे नजर टाकतो. ते दृश्य सुंदर आहे यात शंका नाही. पण त्यात आपल्या माणसांचं काम काय? गायचं आणि बोट दाखवायचं. ते सूर म्हणजे काय, हे शोधायला फ्रेंच माणूस. त्यांना उत्तर द्यायला, यानापर्यंत जायला अमेरिकन माणूस. आमची नावं नाहीत, गावाचं नावही आमचं नाही. माझं म्हणणं स्पीलबर्गविरुद्ध नाही. त्याने आपली गोष्ट सांगितली, आणि ती कुर्ल्यापर्यंतच होती. पुढची सांगायची पाळी आपली होती. आपण मात्र बरीच वर्षं बोट वर करून बसलो. भविष्य कुठूनतरी येतं, इंग्रजीत येतं, टाउनमधल्या थेटरात लागतं, आणि आपण ते पाहून स्लो लोकलने घरी यायचं, अशी आपली पक्की समजूत.

ती समजूत मोडली आमच्या शेजारच्या काकांनी. काका विक्रोळीला गोदरेजमध्ये फिटर होते. चाळीत सगळ्यांना वाटायचं, कपाटं बनवतात. तेही कधी काही बोलले नाहीत. त्यांच्या खात्यातल्या कामाविषयी बाहेर बोलायचं नसे, ते त्यांनी निवृत्त झाल्यावरही पाळलं. १४ जुलै २०२३ ला दुपारी चांद्रयान-३ चं उड्डाण होतं. सोसायटीच्या हॉलमध्ये टीव्ही लावला होता. काका पहिल्या रांगेत, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून, मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर ठेवलेलं. दोन बाजूंचे पांढरे बूस्टर पेटले, टाळ्या झाल्या. त्या बूस्टरच्या आवरणाचे भाग पवईला एल अँड टीत घडलेले. काकांनी टाळी वाजवली नाही. ते घड्याळाकडे पाहत होते. दोन मिनिटं व्हायच्या आत, यान वर हवेत असतानाच, मधल्या टप्प्याची दोन विकास इंजिनं पेटली. त्यांना ठिणगी लागत नाही. दोन द्रवं एकमेकांना भेटली की आपोआप भडकतात. टीव्हीवरच्या माणसाने ते घाईघाईत सांगितलं, कोणाचं लक्षही गेलं नाही. काकांचे ओठ हलत होते. सेकंद मोजत होते ते. ती इंजिनं जेमतेम दोनशे सेकंद चालतात, मग तो टप्पा सुटून समुद्रात पडतो. तो सुटल्याचं जाहीर झालं तसं काकांनी घड्याळ मनगटावर बांधलं आणि उठले. मी म्हटलं, ‘‘काका, अजून चंद्र लांब आहे, बसा की.’’ म्हणाले, ‘‘माझं झालं.’’

तेव्हा मला उमगलं. फ्रान्सच्या वायकिंग इंजिनावरून शिकून इस्रोने उभं केलेलं विकास इंजिन ऐंशीच्या दशकापासून आपल्या विक्रोळीत बनतं आहे. पीएसएलव्हीत ते आहे, जीएसएलव्हीत आहे, मंगळयान गेलं त्यातही होतं. म्हणजे कुर्ल्यानंतर आम्ही पोरं गाडीत हातवारे करत यान कसं उडेल याची भांडणं करत होतो, त्याच रुळांच्या बाजूला काही वर्षांत खरं इंजिन घडायला लागणार होतं, आणि त्यावर हात फिरवणारा माणूस आमच्याच नळावर पाणी भरत होता. २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयानाचा लँडर विक्रम चंद्रावर उतरला तेव्हा आख्खं मुलुंड रस्त्यावर आलं. मी पेढे घेऊन काकांकडे गेलो. ते दिव्याला हात जोडत होते.

बरं, इंजिनाचं एक झालं. सिनेमांचंही तसंच. ‘ग्रॅव्हिटी’ या २०१३ च्या चित्रपटाच्या थ्रीडी रूपांतरात मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसचा हात होता. आज अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यात परदेशी अंतराळपटांची कामं करणाऱ्या मुलामुलींचे मजलेच्या मजले आहेत. माझ्या मित्राची मुलगी त्यातलीच. रोटो करते. रोटो म्हणजे पडद्यावरच्या माणसाची कड कापून काढणं, मागचं आभाळ बदलता यावं म्हणून. एकदा तिने मला घरी, आपल्या सरावाच्या फायलीवर ते दाखवलं. अंतराळवीराचा हातमोजा. त्याच्या कडेने ठिपके ठेवत जायचं, अंगठ्याभोवती, बोटांच्या बेचक्यांत, मग पुढची फ्रेम, हात केसभर हललेला, ठिपके केसभर सरकवायचे. एका सेकंदाला चोवीस फ्रेमा. कड जरा चुकली तर मोठ्या पडद्यावर ती थरथरते आणि सगळं खोटं वाटतं. ‘‘काका, दिवसभर एक हातच असतो समोर,’’ ती म्हणाली. ‘‘घरी येताना मेट्रोत समोरच्या बाईचा हात दिसला तरी मी मनात ठिपके ठेवते.’’ डोळे लाल, मनगटाला पट्टा. पहाटे घरी, दुपारी परत. या मुलांना पुरेशी झोप आणि पुरेसा पगार मिळत नाही, हे मी इथे उघड बोलतो. दुसऱ्यांची स्वप्नं कापून देणाऱ्यांना स्वतःची पाहायला रात्र उरली पाहिजे.

ती ज्या मेट्रोने येते, ती घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं. घाटकोपरहून अंधेरीला बसने दीड तास घालवलेल्या माणसाला या दोन्ही बातम्या सारख्याच अद्भुत वाटल्या. असल्फाला मेट्रो उंचावरून जाते तेव्हा खिडकीतून डोंगरावरच्या वस्त्या दिसतात, आणि अजूनही हंडे-कळशा घेऊन पायऱ्या चढणाऱ्या बायका दिसतात. म्हणून कुठलाही अंतराळपट पाहताना माझा पहिला प्रश्न असतो, यांच्याकडे पाणी कुठून येतं? भरतं कोण? चकचकीत बोळांतून फिरणारे नायक मला लगेच परके होतात. ‘द मार्शियन’ मला आवडला तो यासाठी की त्यात माणूस मंगळावर बटाटे लावतो, मोजून खातो आणि पाणी तयार करण्यासाठी जिवावर उदार होतो. आमच्या आईने महिनाअखेर अशीच काढली.

आपल्याकडे मराठीत असे चित्रपट का होत नाहीत, असं विचारलं की पैशाचं कारण पुढे येतं. सुजय डहाकेने २०१६ मध्ये ‘फुंतरू’ करून धाडस दाखवलं, त्याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. पण पैसा हे अर्धंच कारण आहे. इंजिन घडवणारे इथे, फ्रेमा कापणारे इथे, कथा तर पन्नास वर्षांच्या पडून आहेत. विक्रोळीच्या एका फिटरचे दोनशे सेकंद, यावर कुणी तरुणाने सिनेमा केला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसेन. रांग पुढची चालेल, मान दुखली तरी.

मागच्या वर्षी मित्राच्या मुलीने काम केलेला एक चित्रपट मुलुंडला लागला. तिच्या घरचे सगळे गेले, मलाही बोलावलं. आजीलाही व्हीलचेअरवरून आणलं होतं. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले, झाडूवाले आत आले. आमची एकच रांग बसून. श्रेयनामावली सुरू झाली आणि संपेचना. शेकडो, मग हजारो नावं, बारीक अक्षरात, चार-चार रांगांनी वर सरकणारी. पाटील दिसले, गायकवाड दिसले, शेख, डिसोझा, नायर दिसले. मुलगी पुटपुटत होती, ‘‘आता, आता.’’ मग तिने उठून बोट दाखवलं. आम्ही सगळ्यांनी बोटं वर केली, झाडूवालाही झाडू थांबवून बघायला लागला. नाव वर गेलं. मोबाइल काढेपर्यंत गेलंसुद्धा.

आजींना ते दिसलंच नव्हतं. म्हणाल्या, ‘‘पुन्हा दाखवायला सांगा त्यांना.’’ मुलगी त्यांच्या खुर्चीपाशी बसली आणि सिनेमाची गोष्ट पहिल्यापासून मराठीत सांगायला लागली.